अब्बांनी सांगितलेला शेवट

अब्बांनी आयुष्यभर लोकांना मराठी कादंबऱ्या सुचवल्या. त्यातली एकही त्यांनी स्वतः वाचलेली नव्हती.

यात लपवाछपवी नव्हती. वाचनालयात येणाऱ्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. पोलीस ॲक्शन होऊन राज्य बदललं तेव्हा अब्बा उर्दू शाळेत शेवटच्या वर्गात होते. नंतर कचेऱ्या, पाट्या, अर्ज, सगळंच मराठीत आलं. बोलायला मराठी त्यांना परकी नव्हती. त्यांचं आजोळ सिल्लोडकडचं, तिथं घरात दखनी आणि दारात मराठी असंच चालायचं. पण लिपी मोठेपणी शिकलेली. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, कपाटाचा क्रमांक एवढं ते झरझर वाचत. पानभर मजकूर समोर आला की मात्र बोट ठेवून अक्षरं जोडावी लागत, आणि तेवढ्यात, ते म्हणत, गोष्ट थंड होते.

गुलमंडीच्या मागच्या गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयात ते शिपाई म्हणून लागले आणि पुढे देवघेवीच्या टेबलावर बसू लागले. ग्रंथपाल आप्पासाहेब आतल्या खोलीत पंख्याखाली असत. त्यांना कुणी काही विचारायला जात नसे. "मोहियोद्दीनभाई, काहीतरी चांगलं द्या," हे वाक्य अब्बांनाच ऐकायला मिळायचं.

आणि भाई देत. कसं देत, तर त्यांची एक रीत होती. कुणी पुस्तक परत आणलं की ते लगेच शिक्का मारत नसत. पुस्तकावर पंजा ठेवत आणि विचारत, "मग? काय झालं?" ज्यानं वाचलं त्यानं गोष्ट सांगायची. मागं माणसं उभी असली तरी सांगायची. मागच्यांनाही घाई नसे, तेही ऐकत. काकासाहेब म्हणून एक निवृत्त तलाठी होते, ते खून दोन वाक्यांत उरकत आणि मग कादंबरीतल्या लोकांनी काय काय खाल्लं ते सविस्तर सांगत. एक नवी लग्न झालेली मुलगी सांगता सांगता रडायला लागली, तेव्हा अब्बा तिच्याकडे न बघता शिक्क्याची तारीख उगीच पुढे-मागे फिरवत बसले होते. मी शाळा सुटल्यावर तिथंच टेबलाखाली दप्तर टाकून बसायचे, म्हणून हे मला आठवतं.

अशी एकेक कादंबरी अब्बांनी चार-पाच जणांच्या तोंडून ऐकलेली असायची. त्यामुळे कुणाला काय आवडेल हे त्यांना कळायचं. नवीन माणूस आला की ते आधी विचारत, "घरात कोण कोण आहे?" एक वाचणार आणि बाकीचे ऐकणार, हे त्यांनी धरलेलंच असायचं. म्हातारी सासू घरात असेल तर अमुक पुस्तक नको, तिला रात्री झोप लागणार नाही, असं ते सांगत.

या रीतीत एकच खोट होती. पुस्तक अर्धवट वाचून आणणाऱ्याला टेबलापाशी लाज वाटायची. मग तो शेवट स्वतःच्या मनानं जुळवून सांगायचा. अब्बा बहुतेक वेळा ओळखत. "खोटा शेवट लई पटकन येतो," असं ते हसून म्हणत. पण दर वेळी ओळखता येत नसे.

मला त्यांनी मराठी शाळेत घातलं. अम्मीचा विरोध होता. पुढे मी मराठीच शिकवायला लागले. पण वाचायला शिकले ती त्यांना सांगण्यासाठी, असं आता मागं बघताना वाटतं. संध्याकाळचा चहा झाला की ते खुर्ची माझ्याकडे वळवत. अब्बा गेल्यापासून मी पुस्तक संपवते आणि ते हातात घेऊन थोडा वेळ तशीच बसते. अजून सवय मोडलेली नाही.

मनकर्णाबाई गुलमंडीतच राहायच्या. त्यांचे यजमान पुंजाराम कापडाच्या दुकानात होते. त्या गोष्ट फार सुंदर सांगायच्या. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. "तो उंच", "ती तोंडाळ", "तो बिनकामाचा भाऊ" अशी त्यांची माणसं असत. पण कोण कुणाला काय बोललं ते जसंच्या तसं. त्या आल्या की टेबलाशी माणसं थांबत.

त्यांचा थोरला मुलगा सांडू मॅट्रिकला नापास झाला. पुंजारामांनी हात उगारला. मुलगा म्हणाला, मी आत्याकडे सिल्लोडला जातो, आणि पिशवी घेऊन निघाला. सिल्लोडला तो पोचलाच नाही. घरच्यांनी सगळीकडे शोधलं, जळगावपर्यंत, पार भुसावळच्या स्टेशनापर्यंत. काही कळलं नाही.

मनकर्णाबाई वाचनालयात येईनाशा झाल्या. बऱ्याच महिन्यांनी एकदा आल्या आणि टेबलापाशी नुसत्या उभ्या राहिल्या. हातात पिशवी होती, ती रिकामी होती.

अब्बांनी त्यांना काही विचारलं नाही. उठून कपाटातून एक कादंबरी काढून आणली आणि पुढ्यात ठेवली. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांना तिचा शेवट आधीच कळू नये. अब्बांनी ती तोवर एकट्या वच्छलाबाईंकडून ऐकलेली होती. वच्छलाबाई कन्याशाळेत मास्तरीण होत्या, त्यांच्या सांगण्यावर अब्बांचा भरवसा होता.

"घेऊन जा, बाई," अब्बा म्हणाले. "यातला पोरगा पण असाच घरातून जातो. आई वाट बघती."

मनकर्णाबाईंनी पुस्तकाला हात लावला नाही. "मग?" त्यांनी विचारलं. नेहमी अब्बा विचारायचे तो प्रश्न.

"येतो. शेवटी येतो तो."

त्यांनी पुस्तक पिशवीत टाकलं.

काही दिवसांनी पुंजाराम ते परत घेऊन आले. टेबलावर ठेवलं, म्हणाले, "आता पुस्तकं नकोत," आणि वळून गेले. अब्बांना 'मग? काय झालं?' विचारायला सवडच मिळाली नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्याच एका वाचकानं तीच कादंबरी परत केली आणि गोष्ट सांगितली. त्यात मुलगा येत नाही. आई स्टेशनावर जाते, गाडी येते, माणसं उतरतात, गाडी निघून जाते, आणि ती घरी येऊन त्याच्या ताटातली पुसून ठेवलेली वाटी शेजारणीच्या मुलीला देऊन टाकते. तिथं कादंबरी संपते.

अब्बांनी वच्छलाबाईंना विचारलं. त्या दिवशी मी तिथं होते.

"अहो भाई, वाचलं कुठं मी शेवटपर्यंत?" वच्छलाबाई हसतच म्हणाल्या. "नणंद आली होती लेकरं घेऊन. वाटलं, येत असंल. आईनं एवढी वाट बघितल्यावर येणारच की! का, नाय येत?"

"नाय," अब्बा म्हणाले.

"अगंबाई. मग आता मी तर ते वाचणार पण नाय." आणि त्यांनी दुसरं पुस्तक मागितलं. अब्बांनी दिलं. ते त्यांना रागावले नाहीत. रागावण्यासारखं त्यांनी काय केलं होतं?

त्यानंतर अब्बा गोष्ट ऐकत, पण शेवट जवळ आला की हात वर करत. "शेवट राहू द्या." आणि स्वतः तर कुणाला शेवट सांगितलाच नाही. लोकांना वाटायचं, भाई मजा घालवू नये म्हणून असं करतात. एकदा ते मनकर्णाबाईंच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले, हे अम्मीनं मला सांगितलं. नंतर ते कुटुंब गुलमंडी सोडून गेलं. मी कॉलेजात असताना ती कादंबरी वाचली आणि संध्याकाळी सांगायला घेतली, तेव्हा अब्बांनी पहिल्याच वाक्याला ओळखलं. "वो नक्को, बेटा. दुसरी बोल."

त्यांचं शेवटचं दुखणं हृदयाचं होतं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी अब्बांच्या भावाला, हबीबचाचांना, बाहेर नेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं. अब्बांना कुणी सांगितलं नाही, आणि त्यांना सांगण्याची गरजही नव्हती. त्यांनी खाट पुढच्या खोलीत घ्यायला लावली, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलता येईल.

आमच्यात माणूस जायला निघाला की सगळ्यांची माफी मागून घेतो. कहासुना माफ करना, म्हणतो. अल्लाहच्या बाबतीत जे चुकलं असेल ते अल्लाह माफ करील, पण माणसाच्या बाबतीत चुकलं असेल तर ते त्या माणसानंच माफ करावं लागतं. तिथं अल्लाहही मधे पडत नाही. अब्बा फार नमाजी नव्हते, पण ही गोष्ट त्यांनी मनात घट्ट धरलेली होती. शेजारचा हैदर शिंपी आला, त्याची मागितली. भावाची मागितली. चार घरांपलीकडच्या एका म्हातारीला बोलावून घेऊन तिची मागितली, कारण कधीकाळी तिच्या बकरीला दगड मारला होता. म्हातारी म्हणाली, "अरे, कौनसी बकरी?" आणि खोकत खोकत हसली. अम्मीची मागितली तेव्हा अम्मी पदरात तोंड घालून म्हणाली, "सगळ्या गावाला किताबा दिल्या, घरात कधी एक भाजी धड आणली नाही. जाव, किया माफ."

मग एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं.

"एकच राहिली," ते म्हणाले.

मी नाव विचारलं नाही.

"जाऊन मागून ये. मला तर काय जिना उतरवत नाय."

"काय म्हणू त्यांना?"

"जे झालं ते. म्हणावं, मला सांगितलेलं खोटं निघालं, अन् मी तेच तुम्हाला खरं म्हणून दिलं. तुम्ही वाचलं असंल तेव्हा काय वाटलं असंल तुम्हाला. एवढंच." मग ते म्हणाले, "बिना सांगता घेतलेली माफी नको. काय केलं ते सांगायचं, मग मागायचं."

गुलमंडीतलं ते कापडाचं दुकान चालू होतं. तिथल्या मालकांना पुंजारामांचं ठाऊक होतं. ते वारले होते. मनकर्णाबाई गारखेड्यात मुलीकडे राहत होत्या.

मी गेले तेव्हा त्या व्हरांड्यात मेथी निवडत बसल्या होत्या. पाठ वाकली होती, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला दिसत होता. मी नाव सांगितलं.

"भाईंची वहिदा?" त्यांनी मेथी बाजूला सारली. "टेबलाखाली बसायचीस ती? ये, ये. आशा, अगं बघ कोण आलंय! पाणी आण. केवढी झालीस गं! लग्न?"

"नाही केलं."

"बरं केलं. वाचायला वेळ मिळतो." आणि स्वतःच हसल्या. "भाई कसे आहेत?"

मी सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. त्यांची मुलगी आशाताई पाणी घेऊन आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या.

"त्यांनी मला तुमच्याकडे पाठवलंय," मी म्हणाले. वाटेत रिक्षात मी वाक्यं जुळवून आणली होती. "तुम्हाला त्यांनी एक पुस्तक दिलं होतं. सांडू गेल्यानंतर. त्या पुस्तकाबद्दल—"

"त्यांच्या ध्यानात आहे ते?" मनकर्णाबाईंचा चेहरा एकदम बदलला. इतका उजळला की मला पुढचा शब्द सुचला नाही. "अगं, त्या पुस्तकानं तर मला उठवलं. तोवर मी भाकर पण धड खात नव्हते. यांनी घास भरवावा अन् मी तोंड फिरवावं. भाई म्हणले, शेवटी येतो तो. मग मी रोज थोडं थोडं वाचायचे. पुरवून पुरवून. ती बाई चुलीपुढं बसायची तशी मी पण बसायला लागले. लई दिवसांनी मला भूक लागली, वहिदा."

"मग पुस्तक का परत पाठवलंत?" मी विचारलं.

"अगं, संपत आलं होतं ना! थोडी पानं राहिली. ती बाई स्टेशनावर निघती, तिथवर वाचलं अन् मिटलं. म्हणलं, आता पुढं त्याचं येणं आहे, ते आजच कशाला वाचून टाकायचं? आमचा सांडू येईल त्या दिवशी वाचू. दोघं एकदम येतील." त्यांनी पदरानं डोळे टिपले, पण त्या रडत नव्हत्या. "घरात पुस्तक राहिलं असतं तर राहवलं नसतं मला. म्हणून यांना म्हणलं, देऊन या."

"आणि वाचनालय?"

"तिथं कशी येऊ? तिथं सगळे शेवट सांगायचे की गं भाईंना. कुणी ते पुस्तक घेऊन आलं असतं अन् बोलून गेलं असतं तर सगळी गोडी गेली असती. मला ते माझं मला वाचायचंय." त्या मेथीची जुडी परत हातात घेत म्हणाल्या, "हे जाताना म्हणले, आता सोड त्याचा नाद. मी म्हणलं, तुम्ही जा सुखानं. मला भाईंनी सांगितलंय."

दारातून आशाताई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी मान हलवली नाही, डोळ्यांनी खूण केली नाही. नुसत्या बघत होत्या.

"तू काय म्हणत होतीस? पुस्तकाबद्दल काय?"

"अब्बांना तुमची आठवण येते," मी म्हणाले. "एवढंच."

"मला पण येती. त्यांना म्हणावं, उन्हाळा सरला की मीच येते भेटायला."

आशाताई फाटकापर्यंत आल्या. चप्पल घालताना मी खाली बघत होते. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही वाचलंय ना ते?"

"हो."

"मी पण. आमच्या यांच्या कॉलेजच्या लायब्ररीत मिळालं होतं." त्यांनी फाटकाची कडी लावली. "सांभाळून जा."

घरी आले तेव्हा अब्बा जागे होते. अम्मी त्यांच्या पायांना तेल चोळत होती.

"मिली?" अब्बांनी विचारलं.

मी खाटेपाशी बसले आणि सगळं सांगितलं. मनकर्णाबाई जशा सांगत तसं, कोण काय बोललं ते जसंच्या तसं. अब्बांचे डोळे मिटलेले होते. मधे एकदाही त्यांनी हात वर केला नाही.

"शेवट बोली क्या तू?" माझं संपल्यावर त्यांनी विचारलं.

"नाही."

"ठीक किया."

"ठीक क्या किया?" अम्मीनं तेलाची वाटी खाली ठेवली. "इतक्या लांब जाऊन ही बया मेथी बघून आली! जिस काम कू गई थी वो काम? वहिदा, उद्या परत जा अन् सांग तिला. लहान पोरगी आहे का ती? इतने साल में बेटा नै आया, समझती नै क्या वो?"

"समझती होगी," अब्बा म्हणाले. "वो उसका वो देखेगी. आपण नाय सांगायचं."

"अन् तुमचं काय? उद्या वर विचारतील तेव्हा?"

मी म्हणाले, "अब्बा, त्या मनानं तर तुमच्यावर खूशच आहेत. मी नुसतं कहासुना माफ म्हणून मागून आणते. त्या देतील."

"काय चुकलं ते ठाऊकच नाय, ती काय माफ करणार? तसली माफी म्हणजे पुन्हा फसवणं." त्यांना धाप लागली. अम्मीनं उशी उंच केली. श्वास जागेवर आल्यावर त्यांनी माझा हात धरला. "सांगितल्याबिगर माफी नाय. अन् सांगायचं तर नायच. मग राहू दे. मेरे सर पे रहने दे, बेटा."

अम्मी उठून आत गेली. स्वयंपाकघरात भांडी आपटल्याचा आवाज येत राहिला.

मनकर्णाबाईंना उन्हाळा सरायची वाट बघायला सवड मिळाली नाही. त्याच आठवड्यात पहाटे फजरची अजान होत असताना अब्बा गेले. जनाज्याच्या वेळी हबीबचाचांनी रिवाजाप्रमाणे पुकारलं, मय्यतीकडे कुणाचं काही राहिलं असेल तर घरच्यांना सांगा, नाहीतर माफ करा. "माफ, माफ," असे पुष्कळ आवाज आले. वाचनालयातले जुने लोक होते, काकासाहेबांचा मुलगा होता. मी आत बायकांत बसले होते आणि एकेक आवाज ओळखत होते.

मनकर्णाबाई नंतर आल्या, आशाताईंना घेऊन. अम्मी इद्दतीत होती, विधवेनं काही महिने बाहेरच्यांसमोर यायचं नसतं, म्हणून आम्ही आतल्या खोलीत बसलो, जिथं माझी पुस्तकं आहेत. दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींचे हात धरले. अम्मी गावाकडचं, दुखण्याचं बोलली. मनकर्णाबाईंनी अब्बांच्या शिक्क्याची नक्कल करून दाखवली, आधी तोंडाची वाफ देऊन मग दाबायचा तशी, आणि अम्मीला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

निघायच्या आधी मनकर्णाबाई कपाटाकडे वळून म्हणाल्या, "तुझ्याकडं असंल ना गं ते पुस्तक?"

आशाताईंनी उचललेली पिशवी परत खाली ठेवली.

"भाई होते तोवर काही वाटलं नाय," त्या म्हणाल्या. "त्यांच्या शब्दावर होते मी. आता शब्द दिलेला माणूसच गेला. म्हणलं, राहिलेली पानं आपणच वाचून टाकावी."

ते कपाटात होतं. कॉलेजात असताना घेतलेली माझी प्रत, दुसऱ्या फळीवर, नाव दिसेल अशी उभी. मनकर्णाबाईंना त्या डोळ्यांनी दिसणार नव्हती. अम्मीला मराठी वाचता येत नाही, पण ते पुस्तक कोणतं हे तिला ठाऊक होतं, आणि तिनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती काय म्हणते आहे ते मला शब्दाशब्दानं कळत होतं. बाई आपण होऊन मागते आहे. तू सांगू नको, नुसतं दे. ती वाचील. मग तिच्याकडे जा, माफी माग आणि माझ्या नवऱ्याला मोकळं करून आण.

मी हात लांब केला असता तर पुस्तक हाताला लागलं असतं. आशाताई सतरंजीची दशी बोटाला गुंडाळत होत्या.

"नाही मावशी," मी म्हणाले. "ते आता कुठंच मिळत नाही."

"नाय?"

"छापत नाहीत."

"बरं." त्या लगेच म्हणाल्या. इतक्या लगेच, की मला त्यांच्याकडे बघवलं नाही. "मग राहू दे. नसंल मिळत तर काय करणार? दुसरं काही दे. भाई द्यायचे तसं बघून दे."

मी एक प्रवासवर्णन दिलं. एक बाई एकटी हिमालयात चालत जाते आणि परत येते. ते मी स्वतः, शेवटच्या पानापर्यंत, वाचलेलं होतं. आशाताईंनी ते पिशवीत ठेवलं. वाचून दाखवणार त्याच होत्या.

त्या गेल्यावर अम्मी माझ्याशी बोलेनाशी झाली. जेवायला वाढायची, पण ताट सरकवून. तिचं चुकत नव्हतं. तिला नवऱ्याचा बोजा उतरवायचा होता आणि तो उतरवणं माझ्या हातात होतं. अब्बांनी नको म्हटलं ते मनकर्णाबाईंनी मागायच्या आधी म्हटलं होतं, असं ती एकदा भिंतीकडे बघून बोलली.

चाळिसाव्याचा फातेहा झाल्यावर पाहुणे गेले आणि आम्ही दोघीच उरलो. मी ओढणी डोक्यावर घेऊन दुआसाठी हात पसरून बसले होते. जरा जास्तच वेळ झाला असावा.

"क्या मांगी अब्बा के वास्ते?" अम्मीनं विचारलं. त्या दिवसानंतरचा तिचा पहिला प्रश्न.

"अब्बांसाठी नाही मागितलं."

"फिर?"

"सांडू यावा म्हणून मागितलं."

अम्मी माझ्याकडे बघत राहिली. सांडू आता कुठं असेल, असेल की नसेल, असला तर त्याचे केस पिकायला लागले असतील, हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं असणार. तो जर गारखेड्याच्या त्या फाटकाशी येऊन उभा राहिला, तर अब्बांनी खोटं काहीच सांगितलेलं नव्हतं, हेही.

"आमीन," ती म्हणाली, आणि गॅसवर ठेवलेलं दूध बघायला उठली.